पदवी आणि उपाधी

विद्यापीठाने दिलेल्या दाखल्यासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत आणि ते आपण बहुधा एकाच अर्थाने वापरतो : एक 'पदवी', दुसरा 'उपाधी'. संस्कृतात पदवी म्हणजे वाट, पावलांनी मळलेली वाट. त्या वाटेने गाठलेले स्थान हा अर्थ तिला मागाहून आला. उपाधी हा शब्द दर्शनशास्त्रातला. स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा भासतो. तो तांबडेपणा स्फटिकाचा नसून फुलाचा असतो. ते फूल ही स्फटिकाची उपाधी. लोकांच्या बोलण्यात तर उपाधी म्हणजे मागे लागलेला नसता व्याप. एकाच कागदाला एका शब्दाने वाट म्हणावे आणि दुसऱ्याने बाहेरून पडलेला रंग म्हणावे, ही भाषेने सहज केलेली नोंद भारतीय शिक्षणाचा इतिहास वाचताना मला वारंवार उपयोगी पडली आहे.

मॅट्रिक, पदविका, पदवी, पदव्युत्तर पदवी, विद्यावाचस्पती ही उतरंड आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती विद्येइतकीच जुनी असावी असे वाटते. वस्तुतः आपल्याकडील या उतरंडीचे वय पावणेदोनशे वर्षांहून कमी आहे. तिच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. पदवी ही साक्ष आहे. या माणसाला अमुक इतके येते, असे कोणीतरी कोणालातरी सांगत असतो. म्हणून तिचा इतिहास पाहताना तीन प्रश्न विचारावे लागतात : साक्ष कोण देतो, कोणासमोर देतो आणि कोणाविषयी देण्यास नकार देतो? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाकडे आपल्या इतिहासकारांचे लक्ष सर्वांत कमी गेले आहे.

१

सातव्या शतकात नालंदेला राहिलेल्या ह्युएन त्संगने तेथील प्रवेशाची रीत नोंदवून ठेवली आहे. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला द्वारावरच कठीण प्रश्न विचारले जात आणि दहांपैकी सातआठ जण तेथूनच परत फिरत. म्हणजे कसोटी बाहेर पडताना नव्हती, आत येतानाच होती. त्याच वर्णनात तो आणखी एक गोष्ट सांगतो. नालंदेचे नाव चोरून, आपण तेथले विद्यार्थी आहोत असे भासवून, काही लोक गावोगावी मान मिळवीत. खोट्या दाखल्याचा व्यवसाय आधुनिक काळाने निर्माण केला, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हा उल्लेख ध्यानात ठेवावा. जेथे विद्येच्या नावाला किंमत असते तेथे ते नाव चोरणारेही असतातच.

मिथिलेच्या आणि नवद्वीपच्या न्यायपरंपरेत शलाकापरीक्षेची आख्यायिका सांगतात. पोथीत सुई टोचायची, ती ज्या पानापर्यंत जाईल त्या पानाचा अर्थ विद्यार्थ्याने लावून दाखवायचा. मदरशांच्या परंपरेत गुरू शिष्याला 'सनद' देई. अमुक ग्रंथ मी अमुक गुरूकडून शिकलो आणि तो शिकविण्याची अनुज्ञा तुला देतो, असा तिचा आशय असे. पूर्ण अध्ययनानंतर डोईला पागोटे बांधण्याचा दस्तारबंदीचा समारंभ होई. या सर्व रीतींत साक्षीदार हा स्वतः शिकविणारा किंवा त्याच शास्त्रात मुरलेला असे आणि साक्ष माणसाविषयी असे. तिच्यात गुणांची बेरीज नव्हती.

या जुन्या साक्षीचे शेवटचे आणि फार बोलके रूप कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात दिसते. हे कॉलेज १८२४ साली सरकारने काढले. तेथे शिकलेले ईश्वरचंद्र बंद्योपाध्याय १८३९ साली हिंदू लॉ कमिटीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि त्या वेळच्या प्रमाणपत्रात त्यांच्या नावाला 'विद्यासागर' ही उपाधी जोडलेली आढळते. पुढे १८४१ साली त्यांना मिळालेल्या प्रमाणपत्रात व्याकरण, काव्य, अलंकार, वेदान्त, न्याय अशा एकेका शास्त्राच्या अध्यापकाने आपापल्या विषयापुरती सही केलेली आहे. संस्था नवी, कागद नवा, पण साक्ष जुनी. उपाधी त्यांना इतकी चिकटली की आडनाव मागे पडले.

तथापि या जुन्या साक्षीचे गुणगान करताना आपला स्वर अंमळ खाली ठेवावा हे बरे. ती साक्ष जिवंत होती, कारण ती लहान वर्तुळात फिरत होती. गुरूला ओळखणाऱ्यांनाच गुरूचा शब्द कळे. शिवाय त्या वर्तुळात कोण शिरू शकेल हे जन्माने आधीच ठरवून ठेवले होते. पुण्यात श्रावणमासी वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचेच पाहावे. विद्वत्तेचा तो राजमान्य गौरव होता, पण त्यासाठी पुढे येण्याचा अधिकार एकाच वर्णाला होता. नालंदेच्या दारावर निदान प्रश्न तरी विचारीत. बहुसंख्य भारतीयांना प्रश्न विचारण्याइतकेही कोणी दाराशी येऊ दिले नव्हते.

२

चार्ल्स वुडच्या १८५४ च्या खलित्याने विद्यापीठांची योजना आली आणि १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे ती स्थापन झाली. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. त्या काळचे लंडन विद्यापीठ शिकवीत नसे, परीक्षा घेई आणि पदव्या देई. आपली तिन्ही विद्यापीठे तशीच झाली : शिकविणारी कॉलेजे वेगळी, तपासणारे विद्यापीठ वेगळे. ज्याने शिकविले त्याची साक्ष आता पुरेशी राहिली नाही. ज्याने विद्यार्थ्याला कधी पाहिलेही नाही अशा परीक्षकाने क्रमांक घातलेली उत्तरपत्रिका तपासायची आणि तिच्या बळावर साऱ्या मुलुखाला साक्ष द्यायची, ही कल्पना आपल्याकडे अपूर्व होती.

कलकत्त्याची बी.ए.ची पहिली परीक्षा १८५८ साली झाली. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस हे दोघेच उत्तीर्ण ठरले, आणि तेही एका विषयात थोडे गुण कमी पडल्यामुळे विशेष कृपागुण देऊन. भारतीय कादंबरीच्या आद्य शिल्पकारांपैकी एक कृपागुणांवर पदवीधर झाला, ही हकीकत विनोदाने सांगण्याची प्रथा आहे. मला तिच्यात विनोदापेक्षा युगान्तर दिसते. विद्यासागरांच्या प्रमाणपत्रावर एकेका गुरूची सही होती; त्यानंतर अवघ्या सतरा वर्षांनी बंकिमचंद्रांच्या बाबतीत प्रश्न उरला तो किती गुण कमी पडले एवढाच. त्याच वर्षी ते डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाले. साक्ष कोणासमोर द्यायची याचेही उत्तर त्यातच आहे : सरकारसमोर, नोकरीसाठी. मुंबईत १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले चार पदवीधर झाले.

पदवीच्या खाली पायऱ्या होत्या. मुंबई इलाख्यात मॅट्रिक, मग प्रीव्हिअस, इंटर आणि शेवटी बी.ए. ही इंग्रजी शिक्षणाची शिडी झाली. तिच्या शेजारी मराठी शाळांची दुसरी, तोकडी शिडी उभी होती. तिच्या माथ्यावर 'व्हर्नाक्युलर फायनल' नावाची परीक्षा होती आणि ती दिलेला माणूस मराठी शाळेचा मास्तर किंवा खालच्या सरकारी जागेवरचा कारकून होऊ शके. या दोन शिड्यांना जोडणारी फळी फार अरुंद होती. माझे आजोबा व्हर्नाक्युलर फायनल होते. गावातल्या निम्म्या घरांचे अर्ज आणि पत्रे त्यांच्या हातची असत, मोडी दस्त ते झरझर वाचीत. परंतु मॅट्रिक झालेला नवा कारकून तालुक्याला आला की ओटीवर त्याला खुर्ची आणि आजोबांना घोंगडी, हा भेद त्यांनी आयुष्यभर पाहिला. विद्या कमी की अधिक, हा त्या भेदाचा आधारच नव्हता. आधार शिडीचा होता.

शिडीवरून मध्येच उतरलेल्यांचे तर आणखी विचित्र झाले. 'बी.ए. नापास' ही अक्षरेही लोक नावापुढे मिरवीत अशी थट्टा देशभर प्रचलित होती. तिच्यात वस्तुस्थितीचा अंश होता. तीनचार वर्षे कॉलेजात काढून एका विषयात अडलेल्या माणसाकडे त्या वर्षांचा दुसरा कोणताच पुरावा नसे. नापास झाल्याची नोंद हीच त्याच्या अध्ययनाची एकमेव साक्ष होती.

३

असे असूनही या अनोळखी साक्षीची किंमत कोणी सर्वांत आधी ओळखली? ज्यांना ओळखीच्या साक्षीने कायम बाहेर ठेवले होते त्यांनी.

चंद्रमुखी बसू या डेहराडूनच्या मुलीने १८७६ साली कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसण्याची परवानगी मागितली. परवानगी मिळाली, पण उत्तीर्ण झाली तरी उत्तीर्णांच्या यादीत नाव येणार नाही या अटीवर. त्या उत्तीर्ण होण्याच्या योग्यतेच्या ठरल्या. यादीत त्यांचे नाव आले नाही. साक्षीदाराने सत्य पाहिले आणि तोंड मिटून घेतले. १८७८ साली विद्यापीठाने आपली दारे स्त्रियांना उघडली आणि १८८३ साली चंद्रमुखी बसू व कादंबिनी बसू या बेथून कॉलेजच्या दोन विद्यार्थिनी पदवीधर झाल्या.

नाशिकात जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर. ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी १८९२ साली कायद्याची बी.सी.एल. ही परीक्षा दिली. परीक्षा झाली, पदवी मिळाली नाही. कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदव्याच देत नसे. तो नियम १९२० साली बदलला आणि १९२२ साली, म्हणजे परीक्षेनंतर तीस वर्षांनी, कॉर्नेलियाबाईंच्या हाती पदवी पडली. केंब्रिजने तर स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडू दिले. पदवी ही केवळ उपाधी आहे, खरे महत्त्व ज्ञानाला, असे म्हणणे ज्याच्या खिशात पदवी आहे त्याला सोपे असते. ज्ञान असूनही तिच्यासाठी तीस वर्षे थांबलेल्या बाईंना ते कसे ऐकू आले असेल?

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्यातील प्राथमिक शिक्षणाविषयीची मागणी सर्वश्रुत आहे. रयतेच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप आपण वाचलेला असतो. त्याच निवेदनातील एका लहानशा सूचनेकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. खाजगी रीतीने अभ्यास करून मॅट्रिकला बसण्याची मुभा विद्यापीठाने दिली आहे. तशीच मुभा वरच्या पदव्यांनाही द्यावी, असे फुले सुचवितात. पोट सांभाळून घरी अभ्यास करणाऱ्या माणसाला कॉलेजची फी आणि शहरातले बिऱ्हाड परवडत नाही, हे त्यांना ठाऊक होते. परीक्षा अनोळखी असेल तर ती वर्गात बसलेल्यापुरतीच का असावी, हा त्या सूचनेतील तर्क अगदी सरळ आहे. बहिःस्थ परीक्षा आणि पुढच्या काळातील मुक्त विद्यापीठे यांच्या कितीतरी आधी तो मांडला गेला.

या परंपरेचे टोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावापुढील अक्षरांत आहे. मुंबईची बी.ए., कोलंबियाची एम.ए., १९२३ साली लंडनची डी.एस्सी., १९२७ साली कोलंबियाची पीएच.डी. आणि बॅरिस्टरी. ज्यांच्या घराण्याची साक्ष समाज देतो त्यांना ही अक्षरे अलंकारासारखी गाळता येतात. ज्याच्या जन्माविरुद्धच समाजाने साक्ष दिली होती त्याच्यासाठी ती प्रतिसाक्ष होती आणि ती परक्या विद्यापीठाची, अनोळखी परीक्षकाची होती हेच तिचे बळ होते. आपल्या लोकांसाठी बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढील वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. ज्या पदवीने आपली वाट झाली ती वाट रुंद करणे, असाच त्याचा अर्थ आहे.

४

सरकारी विद्यापीठांची शिडी ही एकच शिडी होती असे समजणे चूक ठरेल. देशात अनेक समांतर शिड्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पायऱ्यांची नावेच पाहिली तरी एक वेगळा भारत दिसतो.

लाहोरच्या पंजाब विद्यापीठाने १८८२ सालापासून प्राच्यविद्येच्या परीक्षांना स्थान दिले. तिथे संस्कृतासाठी प्राज्ञ, विशारद, शास्त्री, फारसीसाठी मुन्शी, मुन्शी आलिम, मुन्शी फाजिल, पंजाबीसाठी ज्ञानी. अशी परीक्षा दिलेल्याला मग केवळ इंग्रजीचा पेपर देऊन बी.ए. होता येई. पुढे या आडवाटेला 'व्हाया भटिंडा' असे नाव पडले. थेट गाडी सोडून वळसा घेत आलेला पदवीधर, असा त्यातला उपहास. उपहास करणाऱ्यांना एवढे मात्र सुचले नाही की, मातृभाषेच्या स्टेशनावरून येणारा मार्ग वळशाचा ठरतो तेव्हा दोष प्रवाशाचा नसून रूळ टाकणाऱ्याचा असतो.

असहकाराच्या लाटेत १९२० साली गुजरात विद्यापीठ व जामिया मिलिया, १९२१ साली काशी विद्यापीठ व टिळक महाराष्ट्र विद्यापीठ ही राष्ट्रीय विद्यापीठे निघाली. गुजरात विद्यापीठाने पदवीधराला 'स्नातक' म्हटले, म्हणजे अध्ययन पुरे करून समावर्तनाचे स्नान केलेला. काशी विद्यापीठाने 'शास्त्री' ही पदवी दिली. १९२५ च्या सुमारास ती घेऊन बाहेर पडलेल्या लालबहादूर नावाच्या तरुणाने जातिवाचक आडनाव आधीच टाकले होते; त्या रिकाम्या जागी पदवी बसली. विद्यासागर आणि शास्त्री ही दोन्ही नावे उपाधींची झालेली आडनावे. फरक असा की, पहिली जुन्या पंडितवर्गाच्या आतून मिळाली. दुसरी एका कायस्थ तरुणाने परीक्षा देऊन मिळविली आणि जो शब्द शतकानुशतके एका वर्गाचा होता तो देशाच्या पंतप्रधानाच्या नावात सर्वांचा झाला. या पदव्यांना सरकारी नोकरीत मान्यता नव्हती. त्या घेणे म्हणजे पोटाची वाट जाणूनबुजून सोडणे होते. स्वातंत्र्यानंतर, १९६२ साली जामियाला आणि १९६३ साली काशी व गुजरात विद्यापीठांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तोवर चार दशके उलटून गेली होती.

प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाची विशारद व साहित्यरत्न, मद्रासच्या दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेची प्रवेशिका ते प्रवीण, वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची कोविद, गांधर्व महाविद्यालयाची संगीत विशारद व अलंकार या परीक्षांनी तर विद्यापीठाच्या भिंती न पाहिलेल्या असंख्य माणसांना, विशेषतः संसारात असलेल्या स्त्रियांना, आपल्या अभ्यासाची नोंद मिळवून दिली. अशी प्रमाणपत्रे चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलेली अनेक घरे माझ्या पिढीने पाहिली आहेत. त्यांचा बाजारभाव कधी फारसा नव्हता. घरात त्या प्रमाणपत्रांनी काय बदलले याची मोजदाद कोणत्याही आयोगाने केलेली नाही.

५

आम्हा साहित्याच्या अभ्यासकांसाठी या इतिहासात एक खास कडू घोट आहे. देशी भाषांत लिहिलेले साहित्य पदवीला पात्र आहे, हे मान्य व्हायलाच अर्धे शतक लागले. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी प्रारंभीच्या वर्षांतच वगळली गेली. न्यायमूर्ती रानड्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर, त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस, एम.ए.च्या परीक्षेत तिला जागा मिळाली. कलकत्त्यात आशुतोष मुखर्जी यांनी १९१९ साली भारतीय भाषांचा एम.ए.चा अभ्यासक्रम सुरू केला. ज्या विद्यापीठाचे पहिले पदवीधर बंकिमचंद्र, त्याच विद्यापीठात बंकिमचंद्रांच्या भाषेत एम.ए. होता येण्यास साठहून अधिक वर्षे जावी लागली. आणि ज्या रवींद्रनाथांनी कोणतीच पदवी घेतली नव्हती त्यांना याच विद्यापीठाने १९१३ साली, नोबेल पारितोषिकाच्या मागोमाग, सन्मान्य डी.लिट. दिली. तेथे साक्षीची दिशाच उलटली होती. विद्यापीठ कवीची साक्ष देत नव्हते. कवीच्या नावाने विद्यापीठाची साक्ष पटत होती.

६

स्वातंत्र्योत्तर काळात पायऱ्यांची फेरमांडणी झाली. सॅडलर आयोगाने १९१९ साली शालेय व विद्यापीठीय शिक्षणाची सीमा इंटरच्या टप्प्यावर आखावी, पदवी तीन वर्षांची करावी, असे सुचविले होते. कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) पाठपुराव्यानंतर आणि १९६८ च्या धोरणानंतर सत्तरच्या दशकात '१०+२+३' हा आकृतिबंध देशभर रुजू लागला. मॅट्रिक, इंटर हे शब्द अनेक प्रांतांत मागे पडले. दहावी, बारावी आले. १९८६ च्या धोरणाने निवडक क्षेत्रांत नोकरीपासून पदवी अलग करण्याचा विचार मांडला. तो कागदावर राहिला. उलट १९८९ पासून अध्यापकपदासाठी नेट ही स्वतंत्र परीक्षा आली. म्हणजे विद्यापीठाने एम.ए. म्हणून ज्याची साक्ष दिली त्याची पुन्हा उलटतपासणी. अभियांत्रिकी, वैद्यक आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवीप्रवेश यांसाठी तर बारावीचे गुण असताना वेगळी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. कसोटी पुन्हा दाराशी आली आहे. नालंदेच्या दाराशी पंडित होता. आताच्या दाराशी पर्यायांची वर्तुळे आणि त्यांची तयारी करून घेणारे शिकवणीवर्ग आहेत. साक्षीदारावर विश्वास उरला नाही की न्यायालय नवा साक्षीदार बोलावते, आणि तोही अपुरा वाटला की आणखी एक.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पायऱ्यांना उंबरठे जोडले. एका वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चार वर्षांनंतर ऑनर्स. एम.फिल. ही पायरी २०२२ च्या नियमांनी काढून टाकली. 'बी.ए. नापास' माणसावर शतकभर झालेल्या अन्यायाचे हे उशिरा केलेले परिमार्जन आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मात्र या उंबरठ्यांवरून कोण बाहेर पडेल, याची चिंताही सुटत नाही. घरी पैसा असलेला चार वर्षे राहील. मुलीचे लग्न ठरले, बापाचे पीक गेले, तर पहिल्या उंबरठ्यावरून उतरणारे पाऊल कोणाचे असेल हे फुल्यांच्या देशात सांगावे लागू नये. परत येण्याची सोय नियमात आहे. ती आयुष्यात उरली पाहिजे.

माझ्या डॉक्टरेटच्या मौखिकीला दोन परीक्षक होते. एकाने प्रबंधाविषयी विचारले. दुसऱ्याने, वयाने थोर असलेल्याने, एवढेच विचारले की, हे काम करताना तुमचे कोणते मत बदलले? आज परीक्षकाच्या खुर्चीत बसतो तेव्हा मीही तोच प्रश्न विचारतो. काही उमेदवारांना तो अभ्यासक्रमाबाहेरचा वाटतो. आजोबांचा व्हर्नाक्युलर फायनलचा दाखला माझ्याकडे आहे. घडीवर विरलेला, पण शाई अजून ठळक. त्यांना काय काय येत होते ते त्या कागदावर नाही. पण तो कागद नसता तर ते मास्तर झाले नसते, माझे वडील शाळेत गेले नसते आणि हा लेख लिहिण्याची माझी पाळी आली नसती. तेवढ्यापुरती ती पदवीच होती : वाट.